पिंजरा कुठे टांगायचा?

डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या निवासी भागात रात्री अकरा-साडेअकराला वास सुटला की घरोघरी एकच लगबग होते. कोणी गॅलरीतले कपडे आत घेतं, कोणी खिडक्या लावतं, कोणी मोबाइलवर हवेचा निर्देशांक, एक्यूआय, बघतं. ज्यांच्या गॅलरीत पिंजरा आहे ते आधी पिंजरा उचलतात. पण न्यायचा कुठे? वनबीएचकेत ‘आत’ म्हणजे हॉल, हॉलला लागून ओटा, ओट्यावर फोडणी. बेडरूममध्ये डासांची कॉइल आणि देव्हाऱ्यात उदबत्ती. बाहेरच्या हवेतून उचललेला पक्षी आपण कोणत्या हवेत आणून ठेवला, हे त्या घाईत कोणी बघत नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत बजी, कॉकटील, लव्हबर्ड, फिंच पाळणारी घरं पुष्कळ आहेत. दिवाळी झाली, थंडी पडली की त्यांच्यात तोच वाद सुरू होतो: पिंजरा गॅलरीत ठेवायचा की आत, खिडकी लावायची की उघडायची, हजारो रुपयांचं एअर प्युरिफायर घ्यायचं की ओलं फडकं पुरतं. हा वाद आज कुठवर आला आहे, ते या लेखात पाहू. कायद्याची एक बाब आधीच सांगून टाकतो. आपला देशी हिरवा पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे इथे बोलणं आहे ते फक्त परदेशी जातींच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांविषयी.

दोन श्वासांची फेरी

माणसाचं फुप्फुस भात्यासारखं फुगतं आणि मिटतं. पक्ष्याची फुप्फुसं लहान आणि जवळजवळ न हलणारी असतात. भात्याचं काम करतात शरीरभर पसरलेल्या हवेच्या पिशव्या, बहुतेक जातींत नऊ. आत घेतलेली हवा बरीचशी आधी मागच्या पिशव्यांत जाते, श्वास सोडताना तिथून फुप्फुसात येते, पुढच्या श्वासाला पुढच्या पिशव्यांत सरकते आणि त्यानंतरच्या उच्छ्वासाला बाहेर पडते. एका घोटाला दोन श्वासांची फेरी. फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते, आणि हवा व रक्त यांच्यातला पडदा आपल्यापेक्षा पातळ असतो. हिमालय ओलांडणाऱ्या पट्टकादंब हंसांना विरळ हवेतही प्राणवायू पुरतो तो या रचनेमुळे. पस्तीसेक ग्रॅमच्या बजीच्या जिवावर उठते तीही हीच रचना, कारण प्राणवायू जितक्या सहज रक्तात उतरतो तितक्याच सहज विषारी वायूही उतरतो. भरीला, धूळ गिळून फुप्फुस साफ ठेवणाऱ्या पेशी पक्ष्यांच्या श्वसनमार्गात आपल्या तुलनेत कमी सापडतात.

पक्ष्याला श्वासपटल नाही, हेही पाळणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं. छातीचा पिंजरा पुढेमागे हलवूनच तो श्वास घेतो. धुराच्या घाईगर्दीत घाबरून त्याला मुठीत घट्ट आवळलं तर धुराआधी आपली मूठच त्याचा जीव घेऊ शकते.

या विषयावर बोलताना कॅनरीची गोष्ट निघतेच. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी खाणीतल्या स्फोटांचा अभ्यास करून १८९०च्या दशकात छोटे प्राणी सोबत नेण्याचा सल्ला दिला. कार्बन मोनॉक्साइड झाला की माणसाच्या आधी कॅनरी दांडीवरून खाली पडे. १९८६ मध्ये ब्रिटिश सरकारने पक्ष्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक उपकरणं आणायचं ठरवलं, तोवर ही पद्धत चालू होती. गोष्ट खरी आहे, पण आपल्याकडच्या वादात तिने थोडा गोंधळही घातला आहे. कॅनरी सांगत होती ती काही मिनिटांतल्या विषारी वायूची बातमी. ठाण्याच्या थंडीत चार महिने बारीक धूळ खाणारा पक्षी दांडीवरून पडत नाही. ‘आमचा तर मजेत आहे’ असं सांगणाऱ्याचं म्हणणं म्हणूनच खोटं नसतं आणि पुरेसंही नसतं.

इथली हवा

या पट्ट्यातली हवा एका प्रकारची नाही. वादातले निम्मे गैरसमज तिला एकच समजण्यातून येतात.

ठाण्याकडे, विशेषतः घोडबंदर रोडला, मुख्य त्रास धुळीचा. टॉवरांची कामं, मेट्रो ४ची कामं, सिमेंट-खडी कालवणारे आरएमसी प्लांट आणि रात्रंदिवस जड वाहनं. कल्याणला आधारवाडीचं डम्पिंग २०२१ मध्ये बंद होईपर्यंत कचऱ्याला लागणाऱ्या आगीचा धूर हा नेहमीचा पाहुणा होता. डोंबिवलीची तऱ्हा आणखी वेगळी. १९६०च्या दशकात इथे औद्योगिक वसाहत आली, रंग, रसायनं आणि कापडावरच्या प्रक्रियेचे कारखाने आले, मग वसाहतीला खेटून इमारती उभ्या राहिल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९च्या मूल्यमापनात डोंबिवलीला शंभरांपैकी सत्तरच्या वर गुण पडले. परीक्षेत हे कौतुकाचे असते, इथे त्याचा अर्थ ‘अतिप्रदूषित’. २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, माणसं गेली, दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या.

थंडीत जमिनीलगतची हवा गार राहते, वरची उबदार, आणि धूर-धूळ वर चढू शकत नाही. समुद्रावरचा वाराही उशिरा सुटतो. २०२२-२३च्या हिवाळ्यात मुंबई परिसराची हवा इतकी का बिघडली, याचा संबंध हवामानशास्त्रज्ञ गुफरान बेग यांनी सलग तीन वर्षं टिकलेल्या ‘ला निना’शी जोडला होता. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने या हवेची स्वतःहून दखल घेतली.

आता मोबाइलवरच्या त्या आकड्याविषयी. २०१४ मध्ये सुरू झालेला आपला हवा निर्देशांक आठ घटकांवर ठरतो: दोन आकारांची धूळ, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. रात्री येणारा सॉल्व्हंटचा किंवा सडक्या अंड्यासारखा वास ज्यांचा असतो, ते वायू या यादीत नाहीत. शिवाय धुळीचा आकडा चोवीस तासांच्या सरासरीचा. रात्री बारा ते दोन हवा वाईट असली आणि उरलेला दिवस बरी गेली, तर सकाळी आकडा ‘मध्यम’ दाखवतो. कल्याणचा आकडा खडकपाड्याच्या केंद्रावरून येतो, तो आपल्या गॅलरीला किती लागू, हे वाऱ्यावर अवलंबून. आकडा खोटा नसतो, पण तो शहराचा असतो आणि माणसासाठी ठरवलेला असतो.

कोण काय म्हणतं

पहिला पक्ष ‘बंद करा’ म्हणणाऱ्यांचा. एक्यूआय दोनशेपार गेला की पिंजरा आत, खिडक्या बंद, प्युरिफायर चालू. त्यांना मोठा आधार मिळतो तो विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ऑलिव्हिया सँडरफूट आणि ट्रेसी हॉलोवे यांच्या २०१७च्या आढाव्याचा. १९५० पासूनचे अभ्यास चाळून त्यांनी दाखवलं की कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, सल्फर डायऑक्साइड, धूर आणि जड धातूंमुळे पक्ष्यांना श्वसनाचे विकार होतात, ताण वाढतो, प्रतिकारशक्ती घटते, प्रजनन बिघडतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या दुसऱ्या एका गटाने पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून हिशोब मांडला की ओझोन आटोक्यात आणणाऱ्या नियमांमुळे त्या देशात चाळीस वर्षांत सुमारे दीड अब्ज पक्षी वाचले.

दुसरा पक्ष या दाखल्यांना हरकत घेत नाही, तो घराकडे बोट दाखवतो. चारशे चौरस फुटांच्या घरात खिडक्या लावल्या की बाहेरची धूळ थोडी कमी येईल, पण आतला धूर कोंडेल. त्यांचा सल्ला: खिडक्या दिवसातून ठरावीक वेळी उघडा, आणि आधी घरात जळतंय काय ते बघा.

तिसरा पक्ष जुन्या पाळणाऱ्यांचा, आणि त्यांना हसण्यावारी नेऊ नये. बजी मुळात ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत, धुळीच्या मुलखातला. शिवाय कावळे, चिमण्या, कबुतरं याच हवेत जगतात, मग पिंजऱ्यातल्याचेच एवढे लाड कशाला? त्यांच्याकडे वीस-वीस वर्षांचा अनुभव असतो. अडचण एवढीच की मोकळा पक्षी धुरापासून उडून जातो, पिंजऱ्यातला जाऊ शकत नाही. कावळा कोणत्या वयात आणि कशाने मेला हे कोणी मोजलेलं नाही. वाळवंटातली माती आणि डिझेलची काजळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वेगळंच.

चौथं मत पाळण्यालाच विरोध करणाऱ्यांचं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पक्ष्यांना आकाशात उडण्याचा मूलभूत हक्क असल्याचं मत नोंदवलं होतं, त्याचा दाखला ते देतात. त्यांचा प्रश्न सरळ आहे: जी हवा सोडून आपल्याला जाता येत नाही, तिच्यात आणखी एक जीव का कोंडायचा? नवा पक्षी घ्यायला निघालेल्याने याचं उत्तर स्वतःला द्यावं. ज्याच्या घरी सात वर्षांचा कॉकटील आहे त्याला हा युक्तिवाद उपयोगाचा नाही. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर सोडला तर तो कावळ्यांच्या तोंडी जाईल.

घरात जळतं ते

माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे, तो का, ते जरा तपशिलाने सांगतो.

नॉनस्टिक तव्यापासून सुरू करू. त्यावरचा लेप साधारण २८० अंश सेल्सिअसच्या पुढे तापला की विघटन पावू लागतो आणि न दिसणारी, जवळजवळ वास नसलेली वाफ सोडतो. तव्यात तेल-पाणी असताना एवढं तापमान सहसा गाठलं जात नाही. पण मोठ्या आचेवर रिकामा तवा ठेवून फोन घ्यायला गेलं की काही मिनिटांत गाठलं जातं. माणसाला फार तर अंग मोडून आल्यासारखं होतं, बाजूच्या खोलीतला पक्षी मात्र मिनिटांत दगावतो. या वाफेने पक्षी मेल्याच्या नोंदी पशुवैद्यकात पाच दशकांच्या आहेत. हवेच्या सगळ्या प्रश्नात याच एका बाबीवर कोणाचंही दुमत नाही. आणि तवा असा तापला नेमकं त्याच दिवशी एक्यूआय ‘समाधानकारक’ असू शकतो.

मग कॉइल. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल पूर्ण जळताना निघणारी बारीक धूळ ७५ ते १३७ सिगारेटींएवढी भरली. कॉइल रात्री लावली जाते, खिडक्या लावून, म्हणजे बाहेरची हवा वाईट म्हणून पक्षी आत घेतला त्याच वेळी. कापूर, धूप, उदबत्ती, लाल मिरचीची फोडणी, बांगडा तळतानाचा धूर, रूम फ्रेशनर, झुरळांचा फवारा, भिंतीचा ताजा रंग: यादी कोणत्याही मराठी घराची आहे. पूजा किंवा स्वयंपाक बंद करा असं कोणी म्हणत नाही. पिंजरा ओट्यापासून आणि देव्हाऱ्यापासून दाराआड हलवा, एवढंच म्हणणं आहे.

दिवाळीचं गणितही दिसतं तसं नसतं. पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने पुणे विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांबरोबर २०१६ मध्ये सहा फटाक्यांचा धूर मोजला. सर्वांत वाईट निघाली ती निरुपद्रवी दिसणारी नागगोळी. तिच्या धुरात बारीक धुळीचं प्रमाण घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत गेलं. त्याच मोजणीत अनार ४,८६० वर थांबला. आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे. रस्त्यावरच्या माळेला आपण घाबरतो आणि जिन्यात मुलं नागगोळ्या लावतात, त्याच मजल्यावर दारामागे पिंजरा असतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पिंजरा जिन्यापासून सर्वांत लांबच्या खोलीत हवा, तो रस्त्याच्या बाजूला आला तरी चालेल, असा माझा निष्कर्ष. आवाजाने पक्षी बिथरतो हा मुद्दा वेगळा, त्यासाठी पिंजऱ्यावर जाड चादर टाकावी, एक बाजू उघडी ठेवून.

आणि पक्षी स्वतः? आमच्या घरी कॉकटील आहे. पिंजऱ्याचं छत तीन दिवस पुसलं नाही तर ओल्या फडक्यावर काळपट पट्टा येतो, आणि खालचा ट्रे पुसला तर पांढरी पिठी. काळं बाहेरून आलेलं, पांढरं त्याच्या पिसांतून झडलेलं. कॉकटीलच्या पिसांना निसर्गतः पावडर असते. तो ट्रे कोरड्या ब्रशने झाडला की ती पिठी, वाळलेली विष्ठा आणि बियांची टरफलं यांचा ढग पक्ष्याच्या आणि आपल्या दोघांच्या नाकात जातो. २०२५ मध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून जे रण पेटलं, त्यात फुप्फुसाच्या ज्या आजाराची चर्चा झाली, तो घरात पक्षी पाळणाऱ्यांनाही होऊ शकतो. म्हणून ट्रेत वर्तमानपत्र घालायचं, रोज गुंडाळून टाकायचं, आणि जाळी ओल्या फडक्याने पुसायची.

साधनांचा वाद

प्युरिफायरवर भांडण मोठं आहे. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो, हे यंत्रातून जाणाऱ्या हवेपुरतं खरं. खोली मोठी आणि यंत्र लहान असेल तर बरीच हवा त्यातून जातच नाही. ठाण्याच्या धुळीला आणि दिवाळीच्या धुराला हेपा उपयोगी पडतो, डोंबिवलीच्या रात्रीच्या वायूला जवळजवळ नाही. त्याला कोळशाचा जाड थर लागतो, आणि स्वस्त यंत्रांत असते ती कोळशाची नुसती जाळी. एका बाबतीत मात्र सल्ला पक्का आहे: ओझोन सोडणारी किंवा ‘आयन’ची जाहिरात करणारी यंत्रं पक्ष्याच्या खोलीत नकोत.

ओल्या फडक्याचा उपाय जुना, घराघरातला. पिंजऱ्याभोवती ओलं सुती कापड धरलं की जाड धूळ थोडी बसते, बारीक धूळ आणि वायू पार होतात. तासभर ठीक, रात्रभर नाही. पक्षी ओलसर, कोंदट हवेत राहिला की बुरशीचा धोका वाढतो, आणि ॲस्परजिलस बुरशीने होणारा श्वसनाचा आजार पक्ष्यांत बरा करायला फार अवघड. आपला पावसाळा आधीच भिंती ओल्या करून गेलेला असतो.

आहाराचा मुद्दा या वादात क्वचित येतो, तो यायला हवा. नुसत्या राळ्या-बाजरीवर वाढलेल्या पक्ष्यात अ जीवनसत्त्व कमी पडतं, त्यामुळे श्वासमार्गाचं अस्तर कमकुवत होतं आणि धुळीचा मारा जास्त बसतो. गाजर, पालक, शेवग्याचा पाला यांनी हे भरून निघतं, खर्च दहा रुपयांचा. प्युरिफायरच्या हप्त्यांची चौकशी करणाऱ्याने आधी वाटीत काय आहे ते बघावं.

जे ठरलेलं नाही

पक्ष्यांसाठी हवेची सुरक्षित मर्यादा कोणीही ठरवलेली नाही. माणसांसाठीही ती एक नाही: बारीक धुळीची चोवीस तासांची मर्यादा आपल्याकडे ६०, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. त्यामुळे ‘एक्यूआय दोनशेपार गेला की पिंजरा आत’ असा जो आकडा सांगितला जातो तो अंदाज आहे, शास्त्र नाही. पाश्चात्त्य अभ्यासांत ओझोनचं नुकसान ठळक दिसतं, ते आपल्या धुळीच्या हिवाळ्याला किती लागू, हे स्पष्ट नाही. गॅलरीतलं ऊन पिंजऱ्यातल्या पक्ष्याला ड जीवनसत्त्वासाठी लागतं. चार महिने आत कोंडून त्याचं जे नुकसान होईल ते धुळीच्या नुकसानापेक्षा कमी की जास्त, हेही कोणी मोजलेलं नाही. माझ्यापुरता मी तोडगा काढला आहे: थंडीत सकाळचं धुकं विरल्यावर, अकराच्या सुमाराला अर्धा तास गॅलरी, मग आत.

कारखान्यात स्फोट झाला तर काय, यावर मात्र डोंबिवलीकरांना वादाची चैन परवडणारी नाही. दाराजवळ प्रवासाचा लहान पिंजरा, एक चादर, मूठभर दाणे. वायू येतोय तिकडची दारं-खिडक्या बंद, आणि घर सोडायची सूचना आली तर पक्षी सोबत.

पक्षी आजार लपवतो. श्वासागणिक शेपटी वरखाली होणं, चोच उघडी ठेवून श्वास घेणं, आवाज बसणं, पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, यातलं काही दिसलं की उद्यावर ढकलू नये. पक्ष्यांचे जाणकार डॉक्टर आपल्या भागात मोजके. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात आधी फोन करून ‘पक्षी बघता का’ हे विचारून घ्यावं, नाहीतर परळचं बाई साकरबाई रुग्णालय आहेच, पण डोंबिवलीहून लोकलच्या गर्दीत तिथवर जाणं धापा टाकणाऱ्या पक्ष्याला झेपेलच असं नाही.

या पट्ट्यातल्या घरगुती पक्ष्यांची एकही सलग नोंद माझ्या पाहण्यात आलेली नाही, आणि ती करायला प्रयोगशाळा लागत नाही. पिंजऱ्याशेजारी एक वही ठेवा. तारीख, वेळ, बाहेरचा वास कसला, घरात काय जळत होतं, पक्ष्याने खाल्लं का, तो बोलला का, एवढंच लिहा. पक्ष्यावरून डॉक्टरांकडे जाताना ती वही न्या. वासावरून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयात तक्रार करायला जाल तेव्हाही तीच न्या.